घरात मीठ नाही

—आणि किल्ली माझ्या गळ्यात असते, ही बघा, आंघोळीलासुद्धा काढत नाही, तेव्हा औषधाचं कपाट कोण उघडतं हा प्रश्नच नको. मी उघडते. सकाळी मी, संध्याकाळी मी. फेनाला गोळी देते, वर पाणी देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते, फोन वाजू दे नाहीतर घर पेटू दे. आणि तुमचे ते शहरातले डॉक्टर कोर्टाला कळवतात की आई औषध मनाला येईल तसं देते! मी! — नाही, उठू नका, लिंडेमानबाई. आमच्या फ्रीसलंडमध्ये चहाचे तीन कप झाल्याशिवाय कुणी उठत नाही, कोर्टानं पाठवलेली बाई असली तरी. खडीसाखर ढवळायची नाही, तशीच राहू द्या तळाला. आणि मी बोलताबोलता करंद्या, ही बारकी कोळंबी, सोलते, त्याचा राग मानू नका. आमच्या रीम्टची बोट आत्ताच लागलीय धक्क्याला, ही बादली घेऊन आला, मला दिली, आणि तुम्हाला बघून सटकला. नवरा असाच आहे माझा. समुद्रात वादळाला भीत नाही, घरात कागद घेऊन बाई आली की पळतो.

तुम्हाला कुणी पाठवलं ते मला ठाऊक आहे. नाही, कोर्टानं पाठवलं ते खरं, पण कोर्टाच्या कानात कुणी घातलं? डॉक्टर एकटे एवढं करत नाहीत. त्यांना वेळ कुठाय? माझ्याकडे बघायलासुद्धा वेळ नसतो, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून बोलतात. कुणीतरी इथलंच आहे, या समुद्राच्या बांधाच्या अलीकडचं. मी शोधून काढणार आहे. काढत आणलंय.

तुम्ही फेनाला पाहिलं नाहीये अजून. येईल आता, वर्कशॉपची गाडी सोडते तिला. तिथं अशी पोरं बसून लाकडी चिमटे जुळवतात. वीस वर्षांची आहे. डोकं चार वर्षांचं, हात मात्र माझे. पाळण्यात होती तेव्हा ताप आला नि पहिली आकडी आली, ती थांबेचना, आणि त्यानंतर किती आल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. औषधं तर विचारू नका. एकानं केस गेले, एकानं भूक गेली, एकानं पोर चावायला लागली, माझ्या दंडावर अजून दात आहेत तिचे. आणि आकड्या होत्या तिथंच. मग शेवटी हे ब्रोमाइड काढलं. फार जुनं औषध आहे म्हणे, माझ्या आजीच्या आजीच्या वेळचं, आता कुणाला देत नाहीत, पण नवीन सगळी हरली की याच्याकडे येतात. आणि लागू पडलं हो! पहिल्या हिवाळ्यात माझी पोर सायकलच्या मागच्या सीटवर बसून बांधावरून फिरली माझ्याबरोबर. मी रडले नाही. मी रडत नाही. रीम्ट रडला.

तर तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं — तेव्हाचे म्हातारे डॉक्टर, ते बघायचे माणसाकडे — की बाई, या औषधाचं आणि मिठाचं जमत नाही. मीठ जास्त झालं की ते औषधाला अंगातून बाहेर ढकलतं. कमी झालं की औषध अंगात साचत जातं. म्हणून रोज सारखंच मीठ. मी म्हटलं, सारखं कशाला मोजत बसू? आणायचंच नाही घरात! त्याच दिवशी बरणी उचलली आणि मागच्या अंगणात ओतली, तिथं अजून गवत उगवत नाही. तेव्हापासून या घरात मीठ नाही. हवी ती फळी उघडा. मघाशी तुमचे डोळे फिरत होतेच फळ्यांवरून, पाहिलं मी. पाव मी घरी भाजते, बिनमिठाचा. बटाटे बिनमिठाचे. लोणी बिनमिठाचं. खारवलेलं मांस नाही, हेरिंग नाही, चीज नाही. रीम्ट म्हणायचा, "ग्रेट्ये, तुझ्या सूपपेक्षा भिंत चाटली तर चव लागेल." मी म्हटलं, चाट, चुन्याचे पैसे नाही पडत. आता तो बहिणीकडे जाऊन जेवतो, शेजारीच राहते ती, थेडा, माझी नणंद. त्याला वाटतं मला कळत नाही. मिशीला सॉसेजचा वास येतो.

आणि एवढं करून काय? वसंत ऋतू आला की आकड्या. उन्हाळाभर आकड्या. पानगळीत तर विचारू नका, मागच्या सप्टेंबरात अँब्युलन्सवाले मला नावानं हाक मारायला लागले. रक्त तपासलं की म्हणतात औषध रक्तात नावाला आहे. गोळ्या वाढवल्या. परत तेच, परत वाढवल्या. आणि हिवाळा लागला, बोटी बंदरात बांधल्या, की सगळं उलटं! पोर नुसती झोपते. उठवलं तर दारू प्यायल्यासारखी चालते, तोंडातून लाळ, गालावर हे एवढाले फोड. रक्त तपासलं की औषध भरमसाट. मग नवीन डॉक्टर चष्मा काढतात नि म्हणतात, "फ्राउ साटहोफ, उन्हाळ्यात तुम्ही देत नाही आणि हिवाळ्यात दुप्पट देता, असंच दिसतं." दिसतं! तुम्हाला दिसतं! मी त्यांना म्हटलं, मग माझ्या घरी येऊन राहा, खाट आहे रिकामी. आले नाहीत. तुम्हाला पाठवलं.

मी देते. रोज. तेवढ्याच. तेव्हा कुणीतरी काहीतरी करतंय, बाई. दुसरं काय असणार?

आधी मला वाटलं औषधवाला. खोका बदलला होता, आधी कडा निळी होती, मग हिरवी झाली. मी दुकानातच खोका फोडला आणि गोळी जिभेवर ठेवली. खारट! मी ओरडले, तुम्ही माझ्या पोरीला मीठ विकता? दुकान भरलेलं होतं. तो बिचारा लालबुंद. म्हणाला, हे औषध मुळात खारटच असतं चवीला, पहिल्यापासून. असेल. मी आधी कधी चाटलं नव्हतं. त्याची माफी मागितली नाही मी, पण तेव्हापासून त्याच्याच दुकानात जाते, त्याला कळलं असेल.

मग वर्कशॉपचं स्वयंपाकघर. फेना तिथं दुपारचं जेवते, डबा मी देते, पण तिथल्या बायकांवर माझा विश्वास नाही. त्या दयाळू आहेत. दयाळू बायका सगळ्यात वाईट, "एक चमचा सूप दिलं तर काय होतंय बिचारीला" म्हणणाऱ्या. मी एक दिवस सरळ आत गेले आणि सगळ्या भांड्यांत बोट बुडवून चाखलं. सगळ्या. तर मुख्य बाईनं मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आता मला फाटकाच्या आत यायला बंदी आहे. हे तुमच्या कागदात असेलच. आहे ना? बघा, चेहरा बोलला तुमचा.

आणि मग थेडा. फेनाच्या कोटाच्या खिशात मला सापडली पुडी — ती काळी ज्येष्ठमधाची गोळी, नवसागर घातलेली, खारट, जी आमच्याकडे शेंबड्या पोरापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळे चघळतात. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. रविवार होता. चर्चमधून लोक बाहेर पडत होते आणि मी थेडाच्या तोंडावर फेकली ती पुडी. म्हटलं, तुला स्वतःचं पोर झालं नाही म्हणून माझं मारतेस का? — हो, म्हटलं. असंच म्हटलं. सगळ्यांसमोर. ती? खाली वाकून गोळ्या वेचायला लागली एकेक, हातमोजे घालून, आणि ते मला जास्त झोंबलं. गोळ्या तिच्याच होत्या, फेनाला कोट घालताना चुकून स्वतःचा खिसा समजून टाकल्या म्हणे. पुडी फोडलेलीसुद्धा नव्हती, आपटली तेव्हा फुटली. पण म्हणून काय झालं? एक पुडी मला सापडली. न सापडलेल्या किती?

तुम्ही काय म्हणता? — नाही, त्यानंतर बोलणं नाही. ती येत नाही, मी जात नाही. रीम्ट जातो. आणि तिथंच शिजलं सगळं. तुम्हाला वाटतं मला ठाऊक नाही? ओन्नोनं सांगितलं मला, वर्कशॉपची गाडी चालवतो तो, त्याच्या पोटात काही राहत नाही. रीम्ट आणि थेडा दोघं जाऊन फेनाला ठेवायला ते आश्रयघर बघून आले, एम्डेन शहराच्या पलीकडचं. मला न सांगता. माझा नवरा! खोली बघितली, खिडकी बघितली, बाग आहे का विचारलं. मी रात्रभर — जाऊ दे. मी त्याला विचारलंच नाही. विचारलं की तो खरं सांगेल, त्याला खोटं येत नाही. आणि खरं सांगितलं की मग... मग मी एकटीच उरते ना नको म्हणणारी.

तिथं तिला कोण सांभाळणार, सांगा? आकडी येऊन गेली की ती दोन-दोन दिवस तोंडात काही घेत नाही. पाणी थुंकते. पाव थुंकते. त्या शहरातल्या पोरी, अंगावर पांढरा कोट, त्या काय करणार, नळी घालतील नाकातून. मी काय करते? तिला अशी टेकवून बसवते, इथं, माझ्या शेजारी, बादली मध्ये घेऊन, आणि सोलायला लागते. एक वाडग्यात, एक तिच्या तोंडात. वाडग्यात, तोंडात. एवढं मात्र खाते! डोळे मिटलेले असतात तरी करंदीचा वास आला की ओठ हलतात. मूठभर, दोन मुठी, पोट भरेपर्यंत. आजारी नसली तरी रोजचंच आमचं ते, बोटी चालू असतात तोवर. तिलाही सोलता येतात, बघा तुम्ही, डोकं मोडायचं, पिळायचं, ओढायचं, चिमट्यांपेक्षा भराभर. जगात एवढं एक काम तिला माझ्यासारखं येतं. निम्म्या स्वतःच खाते. रीम्ट म्हणतो, "ही धंदा बुडवणार." म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी बादली आणखी भरून आणतो.

घ्या ना तुम्ही. पाव माझा बेचव लागेल तुम्हाला, पण वर करंद्या घाला भरपूर, मग जातो घशाखाली. अशा नाही, चमच्यानं घ्या. हं. ताज्या आहेत, सकाळी पाण्यात होत्या. — बघा, आवडल्या. शहरात मिळतात त्या मोरोक्कोला जाऊन सोलून परत आलेल्या असतात, ट्रकमधून, त्यांना काय चव. — पाणी? देते की. चहा सोडून पाणी, शहरातलीच तुम्ही.

— अजून? घ्या. तहान लागलीय फारच. मघाशी चालत आलात वाऱ्यातून म्हणून असेल.

काय?

कशाचं मीठ? अहो, आत्ता एवढा वेळ मी काय सांगतेय, घरात मीठ नाही! करंदीला कोण मीठ घालतं? आम्ही चिमूटसुद्धा घालत नाही, माझ्या आईनं घातलं नाही, सासूनं घातलं नाही. जाळं वर आलं की बोटीवरच कढई चढवायची आणि तिथल्या तिथं उकळायच्या, बादलीनं पाणी काढून, समुद्राच्याच पा—

...

थांबा. बोलू नका.

एक मिनिट बोलू नका हो.

आम्ही याला खारट म्हणत नाही. तुम्हाला कळत नाही, बाई, आम्ही याला खारट म्हणतच नाही. हेरिंग खारट. मांस खारट. ही करंदी आहे, हिची चव अशीच असते, जशी दुधाची चव दुधासारखी. मी — मी माझ्या दाताखाली रोज... सगळ्यांच्या भांड्यांत बोट बुडवून बघितलं मी. सगळ्यांच्या.

तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का? खरं सांगा. म्हणून पाणी मागितलंत? मुद्दाम? घरात शिरायचं, चहा प्यायचा, माझ्या ताटातलं खायचं आणि... नाही. नाही, तुमचे ओठ खरंच कोरडे पडलेत. दिसतंय मला. तुम्हाला काय ठाऊक असणार, तुम्ही कागदवाली बाई.

आकडी आली की करंदी. करंदी खाल्ली की... आणि मग पुन्हा आकडी. आणि पुन्हा मी घेऊन बसायची बादली. अगं आई गं.

सरका. सरका तिथून, ती बादली द्या इकडे. सीगल पक्ष्यांना घालते, बांधावर नेऊन सगळी उपडी करते, आणि उद्यापासून रीम्टनं पाय ठेवून बघावा या दारात बादली घेऊन — का? का नको? हात सोडा माझा! तुम्ही कोण मला — काय? एकदम बंद नाही करायचं?

हं. बोला. सावकाश बोला, शाळेत असल्यासारखं, मी तिथं फार टिकले नाही.

गोळ्या वाढवलेल्या आहेत. हो. दोनदा. आणि करंद्या एकदम बंद केल्या की एवढ्या गोळ्यांना बाहेर ढकलायला कुणी उरत नाही, मग औषध साचतं. मग ती झोपते. लाळ. फोड. हिवाळ्यासारखं... बोटी बांधल्या की. बोटी बांधल्या की करंदी नाही. म्हणून हिवाळ्यात. देवा, म्हणून हिवाळ्यात! दोन्ही मीच? उन्हाळाही मी आणि हिवाळाही मी?

"सारखंच," म्हणाले होते म्हातारे डॉक्टर. नाहीच ठेवायचं असं नव्हते म्हणाले. मी म्हटलं ते.

म्हणजे आता काय करायचं म्हणता? डॉक्टरांना आत्ता फोन. रक्त बघतील, मग गोळ्या आणि खाणं बरोबरीनं हळूहळू कमी करतील, ते सांगतील तसं. करा फोन. तुम्हीच करा, माझं ऐकलं की ते चष्मा काढतात. सांगा त्यांना करंदीचं. नीट सांगा, बादलीचं सांगा, समुद्राच्या पाण्याचं सांगा... हं, मी थांबते.

— उद्या सकाळी आठाला? दोघींना, मला नि फेनाला? बरं. आणि आज? विचारलंत? काय म्हणाले?

आज रोजच्यासारखं.

नेहमी जेवढं खाते तेवढंच. एकदम काही तोडायचं नाही. म्हणजे मी बसायचं इथं आणि माहीत असताना... कालपर्यंत माहीत नव्हतं, बाई. काल मी तिला भरवलं आणि मला किती बरं वाटलं.

त्या आश्रयघराचं काय? आता तुम्ही लिहिणार ना. लिहा. आई औषध रोज देत होती, हे लिहा, ते खरं आहे. आणि एका हातानं देत होती नि दुसऱ्या हातानं काढून घेत होती, हेही लिहा, ते पण खरं आहे. गोड करून लिहू नका, मला दयाळू बायका चालत नाहीत. एवढंच लिहा की आता तिला कळलंय. कळल्यावर ती चुकत नाही, हे पाहिजे तर थेडाला विचारून लिहा. — हो, थेडाला. ती सांगेल. तिच्या तोंडावर पुडी फेकली तरी ती माझ्याविषयी खोटं नाही सांगायची, तशी बाई नाही ती. तिच्याकडे मला जायचंच आहे. आज नाही. आज मला हे आहे.

आणि रीम्टला तुम्ही काही बोलू नका, धक्क्यावर दिसला तरी. तो बादल्या भरून भरून आणत होता पोरीसाठी. ते मी सांगेन त्याला. कसं सांगू ते मला माहीत नाही, पण मी सांगेन, कोर्टानं नाही.

ऐकलंत? गाडी आली. ओन्नो असंच करकचून ब्रेक मारतो. आता ती बूट न काढता आत येईल, टोपी फेकेल, आणि सरळ या खुर्चीत — उठा, तिची आहे ती. माझ्याकडे असं बघू नका. आत्ता तर मुळीच बघू नका.

ये गं, फेने. ये, बाळा. हो हो, बाबानं आणल्यात. हात धू आधी... बरं, नको धूस. बस. ही बाई? कुणी नाही, चहाला आली होती, निघालीय ती.

निघा ना, बाई. तुमच्या डोळ्यांसमोर नाही व्हायचं हे माझ्याच्यानं. दार जोरानं ओढून घ्या, वाऱ्यानं उघडतं.